हरिभाऊंची गुटी

हरिभाऊ बाजार समितीत हर्रास, म्हणजे धान्याचा लिलाव, बोलायचे, तेव्हा अर्ध्या आर्वीला त्यांचा आवाज ऐकू जायचा, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी "एक वार" म्हटलं की डेपोतून निघालेली पुलगावची एसटी जरा थबकायची, हेही त्यांचंच म्हणणं. त्यातलं किती खरं धरायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. सुलोचनाबाईंचा अनुभव एवढाच, की या माणसानं ताटावर बसून मीठ मागितलं तर पलीकडच्या घरातल्या मंदाबाई मिठाची वाटी घेऊन दारात हजर व्हायच्या. लग्न झाल्यापासून बाईंचं एक वाक्य या घरात पुरं झालं नव्हतं. त्या "आज भाजीले" म्हणेपर्यंत हरिभाऊ भाजी, भाजीवाला, त्याचा बाप आणि यंदाचा पाऊस अशा सगळ्यांवर बोली लावून मोकळे. निवृत्त झाल्यावर तर हर्रास बाजारातून उठून थेट बैठकीतच भरायला लागला.

आणि आता हाच माणूस तीन शब्दांवर आला होता. तीन शब्द बोलायचे, थांबायचं, छाती वरखाली व्हायची, मग पुढचे तीन. आधी काय म्हटलं होतं ते ऐकणाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

दोष द्यायचा तरी कोणाला? दोन हजार नऊच्या गणपतीत थोरल्या योगेंद्राकडे पुण्याला जायचा हट्ट त्यांचाच. तिकडे स्वाइन फ्लूनं लोकांची तारांबळ उडवली होती. माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरत होती, आणि हे "मले काय होते" म्हणत उघड्या तोंडानं मंडपामंडपात आरत्या म्हणत हिंडले. आरती हळू म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही. परत आले ते ताप घेऊनच. ताप छातीत उतरला, छातीचा फोटो पांढराफटक निघाला, आणि वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात घशात नळी घालून त्यांना मशिनीचा श्वास द्यावा लागला. सुलोचनाबाई बाहेरच्या बाकावर बसून असायच्या. आत नवरा आहे आणि बाहेर त्याचा आवाज येत नाही, असं त्यांच्या आयुष्यात कधी घडलं नव्हतं. त्यांना त्या शांततेची फार भीती वाटली.

माणूस वाचला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "विषाणू गेला, पण जाताना फुफ्फुसांना जखमा करून गेला. भरायला महिने लागतील. कोणाच्या भरतात, कोणाच्या तशाच राहतात. रोज थोडं थोडं चाला, आणि हे ओढा." 'हे' म्हणजे प्लास्टिकचं एक यंत्र. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक रंगीत गोळी. तोंडाशी नळी धरून श्वास आत ओढला की गोळ्या एकामागून एक वर उचलल्या जातात. हरिभाऊंनी पहिल्याच वेळी चूल फुंकावी तसं त्यात जोरानं फुंकलं. गोळ्या जागच्या हलल्या नाहीत, हरिभाऊंना मात्र अशी उबळ आली की दोन माणसांनी धरावं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी यंत्र कपाटावर टाकलं आणि भिंतीकडे तोंड करून ते पडून राहिले.

"लेकरायचं खेळणं आहे," ते म्हणाले. थांबले. "यामिनीचं औषध आणा."

यामिनी ही त्यांची भाची, हिंगणीच्या बहिणीची मुलगी. हायस्कुलापासून बारावीपर्यंत ती मामाकडेच राहिली, मामाचा गोंगाट कानात घेऊन अभ्यास केला, आणि आता पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. कसलं संशोधन, ते धाकट्या नीलेशनं दवाखान्यात बापाच्या उशाशी बसून सांगितलं होतं. बाळंतपणात जी नाळ कापतात तिच्या आत स्टेम सेल म्हणून मूळ पेशी असतात. यामिनी त्या वाढवते, फ्लूनं फुफ्फुस जाळलेल्या उंदरांना देते, आणि आतली आग शांत होते. नीलेशनं 'उंदीर' हा शब्द चांगला स्पष्ट उच्चारला होता. हरिभाऊंनी तेवढा गाळून बाकीचं सगळं ऐकलं.

सुलोचनाबाईंनी पुण्याला फोन लावला.

"यामिनी, तू उंदरायले जे देते ना, थे थोडंसं मामाजीसाठी पाठव. योगेंद्र येऊन राह्यला दिवाळीले, त्याच्या हाती दे."

"मामी, ते अजून माणसांना देत नाहीत. परवानगीच नाही. आणि उंदरांतही सगळ्यांना कुठे लागू पडतं?"

"तुहा मामा काय उंदराहून गेला का?"

"तसं नाही गं..."

"गं म्हणते! पुण्याचीच झाली पोट्टी," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला, आणि त्या आतल्या खोलीच्या दारापाशी गेल्या. आतल्या खोलीत नवरा भिंतीकडे तोंड करून होता. तो असाच पडून राहिला तर फुफ्फुस असंच राहील, हे डॉक्टर बोलले नव्हते, पण त्यांना कळलं होतं.

आता इथं त्यांच्या माहेरची, वडनेरची, एक रीत सांगायला हवी. बाळाच्या बेंबीची नाळ वाळून गळून पडली की ती फेकायची नाही. हळद लावून फडक्यात बांधून ठेवायची. पुढे ते लेकरू फार आजारलं तर सहाणेवर थोडं पाणी घेऊन नाळेचा एक वेढा उगाळायचा, म्हणजे एकदाच गोल फिरवायची, आणि बोटानं चाटवायचं. सुलोचनाबाईंच्या लोखंडी कपाटात एका पितळी डबीत अशा तीन पुरचुंड्या होत्या. योगेंद्र, नीलेश आणि अंजू.

पेशी नाळेतल्याच ना? मग पुण्याच्या नाळेला काय सोनं लागलं आहे? बाईंनी डबी काढली. पण तिघांपैकी घ्यायची कोणाची? योगेंद्राची नको, तो जन्माचा सर्दीचा. नीलेशची घ्यावी तर तो बायको आली तरी नऊच्या आत उठत नाही. त्याच्या पेशी बापाच्या छातीत जाऊन तंगड्या पसरून झोपल्या तर काय घ्या? राहिली अंजू. कामाला वाघीण. पण तिचा राग! तो नवऱ्याच्या छातीत शिरला तर बाईंना दुसरं घर बघावं लागलं असतं. तरी त्यांनी जीव घट्ट करून अंजूचीच पुरचुंडी सोडली.

काळा, वाळलेला, चिंचोक्याएवढा तुकडा. त्यांनी तो सहाणेवर धरला आणि त्यांचा हात हलेना. हे एवढंसं एकेकाळी लेकीला आणि आपल्याला धरून होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि डोळे भरले. लेकीसाठी लेकीची नाळ उगाळणं वेगळं. दाढीमिशीच्या म्हाताऱ्यासाठी काय उगाळायची? त्यांनी पुरचुंडी पुन्हा बांधली आणि डबी कपाटात ठेवून दिली.

पण सहाण ओली झाली होती, आणि आत नवरा पडलेलाच होता. बाईंची नजर फळीवरच्या कापडी पिशवीकडे गेली. अंजू बाळंतपणाला आली होती तेव्हाची गुटीची पिशवी. वेखंड, ज्येष्ठमध, हळकुंड, सुंठ, हिरडा, जायफळ. त्यांनी एकेकाचे वेढे उगाळले, वर मधाचं बोट फिरवलं, आणि वाटी घेऊन नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"घ्या. यामिनीनं पाठवलं."

हरिभाऊ कुशीवर वळले. "काय आहे हे?"

"नाळेतल्या पेशी. जित्या आहेत, लवकर घ्या." आणि मग, कुठून सुचलं देव जाणे, त्या म्हणाल्या, "पण तिनं अट घातली आहे. आधी त्या तीन गोळ्या ओढायच्या. फुफ्फुस फुगल्याबिगर पेशीले आत शिराले जागा नाई होत. मग हे चाटायचं, आणि चाटल्यावर आंगणात फिरायचं. बसून राह्यलं तं पेशी एकाच जागी थिजते म्हणते."

हरिभाऊंनी वाटी चाटली, डोळे मिटून चव घेतली. "ओळखीची लागते चव."

"लागंन नाई तं! लहानपणी तुमच्याही आंगात पेशी होत्याच ना."

हे त्यांना पटलं. माणसाला जे हवं असतं ते लवकर पटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिभाऊ स्वतः उठून यंत्र घेऊन बसले. पहिली गोळी जराशी थरथरली आणि खाली पडली. पण चार-आठ दिवसांत ती वर जायला लागली, आणि ती वर गेली की हरिभाऊ मान डोलवून म्हणायचे, "एक वार." दिवाळीच्या पुढेमागे दुसरीही उचलली. "दोन वार." तिसरी मात्र जागा सोडेना. आधी यंत्र, मग वाटी, मग अंगणातल्या तुळशीभोवती फेऱ्या, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, असं रोज चाललं. एक निवृत्त हर्रासवाला, ज्याच्यापुढे व्यापारी चळाचळा कापायचे (हेही त्याचंच म्हणणं), रोज सकाळी तान्ह्या लेकराची गुटी चाटत होता, आणि त्याची बायको पदरात तोंड लपवून हसत होती. हसायची आणि लगेच घाबरायची. कारण नवऱ्याचा स्वभाव त्या ओळखून होत्या. दवाखान्यातून आल्या आल्या नीलेशनं शक्तीची म्हणून झोपेची गोळी दिली होती. कळल्यावर हरिभाऊंनी दोन दिवस कोणाच्याच हातचं औषध घेतलं नाही. आपल्याला फसवलं हे कळलं की हा माणूस हटून बसतो. गुटीचं कळलं तर यंत्र पुन्हा कपाटावर जाणार, आणि फुफ्फुसाची जखम तशीच राहणार. तिसरी गोळी वर जाईपर्यंत तरी तोंड उघडायचं नाही, असं बाईंनी ठरवलं.

त्यांनी ठरवून काय उपयोग? हरिभाऊंना कोण गप्प बसवणार? श्वास पुरत नव्हता तरी त्यांनी हप्त्याहप्त्यानं गल्लीभर सांगितलं. पोस्टातल्या बाबूला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला तर सांगताना इतके थांबले की त्याचं दूध उन्हात नासायची वेळ आली. स्टेम सेल! नाळेतली! भाचीनं शोधली!

एकदा मंदाबाई कुंपणापाशी आल्या. त्यांना कित्येक वर्षांचा दमा. "सुलोचना, खरं आहे का वो? नाळेनं?"

"हो ना, बाप्पा," सुलोचनाबाई म्हणाल्या. आत हरिभाऊ जागे होते.

"किती वेढे देतं?"

"दोन," असं म्हणून बाईंनी विषय वांग्यावर नेला. घाईघाईत बोललेला तो एक शब्द पुढे त्यांना चांगलाच महागात पडणार होता.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सुलोचनाबाईंकडे दरवर्षी हळदीकुंकू असायचं. त्याच दिवशी सकाळी यामिनी रजा काढून मामाला बघायला आली. बॅग खाली ठेवते न ठेवते तोच हरिभाऊ उठून उभे राहिले.

"ये वो, डॉक्टरीणबाई!" श्वास. "तुह्या औषधानं उठवलं." श्वास. "मामाचा जीव वाचवला."

"कोणतं औषध, मामाजी?"

सुलोचनाबाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पोरगी कळवळली. "गाडीत झोप नाई झाली तिची. चाल आंदर, चहा मांडते."

स्वयंपाकघरात यामिनीनं सगळं ऐकून घेतलं. आधी तिनं कपाळावर हात मारला, मग ती रागावली, आणि रागावली की ती पुणं विसरायची.

"मामी, तू माह्या नावावर वेखंड चाटवलं? अवो, उद्या कोणी मले इचारलं तं मी काय सांगू? वाळलेल्या नाळेत एकही पेशी जिती नसते. आणि तू तं नाळही नाई देली!"

"नाई देली म्हणूनच सांगून राह्यली ना, काई नुकसान नाई झालं. तू उंदरायले कसं देतं ते सांग बरं."

यामिनीला विषय बदललेला कळला, पण कामाबद्दल विचारलं की तिचा राग टिकत नसे. ती म्हणाली, सुरुवातीला पेशी देत होतो. आता असं दिसायला लागलंय की पेशी स्वतः फार टिकत नाहीत. त्या ज्या पाण्यात वाढतात त्या पाण्यात काहीतरी सोडतात, आणि आग शांत करतं ते तेच.

"म्हणजे धुवण," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तांदुळाचं असते तसं पेशीचं धुवण देतं तू त्याईले."

"आमच्या मॅडमसमोर नको म्हणूस. पण तसंच." यामिनीनं चहा ओतून घेतला. "आणि काही उंदरांना नुसतं मिठाचं पाणी देतो. सुई तीच, वेळ तीच, पिंजरा तसाच."

"त्याईले फसवता?"

"फसवत नाही, तुलना करतो. मिठाच्या पाण्यावरही काही बरे होतातच ना, आपले आपण. ते माहीत नसलं तर पेशींनी काय केलं हे कळणार कसं?"

सुलोचनाबाईंनी गॅस बारीक केला. "म्हणजे तुहा मामा मिठाच्या पाण्यातला उंदीर आहे."

यामिनीला हसू आवरेना. बशीत चहा सांडला. मग ती गंभीर झाली. "मामी, आपले आपण नाही झाले ते. रोज ओढून, चालून झाले. ते तू करून घेतलंस. पण खोटं फार दिवस ठेवू नको. आजच सांग त्यांना."

"तिसरी गोळी वर जाऊ दे. मग सांगीन."

"आणि नाहीच गेली तर?"

बाईंनी फुटाण्यांचा डबा काढला आणि संध्याकाळच्या तयारीला लागल्या.

संध्याकाळी बैठकीत बायका जमल्या. हरिभाऊंना आतल्या खोलीत बसवून मधला पडदा ओढला होता. बायकांच्या कार्यक्रमात त्यांचं काम नाही, हे त्यांना दरवर्षी सांगावं लागायचं. कलशाची पूजा झाली, हळदीकुंकू सुरू झालं, आणि मंदाबाई पायरी चढून आल्या त्या दाराच्या चौकटीला धरूनच. चेहरा उतरलेला. श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. दोघींनी धरून त्यांना खुर्चीवर बसवलं.

"काकू, पंप कुठं आहे तुमचा?" यामिनीनं विचारलं.

"पंप सोडला मी." मंदाबाई हसायचा प्रयत्न करत होत्या. "नाळ सुरू केली ना. माह्या पोरीची, रक्षाची. दोन वेढे, रोज."

यामिनी धावत पलीकडच्या घरात गेली आणि मंदाबाईंच्या सुनेकडून पंप घेऊन आली. मंदाबाईंनी मान फिरवली आणि पंपावर हात धरला. "नाई. मधेच पंप घेतला तं नाळेचा गुण जाते. हरिभाऊले नाळेनं मशिनीवरून उठवलं. मले दम्यातून नाई उठवंन का?"

शिट्टी वाढत चालली. ओठ काळवंडायला लागले होते. यामिनीनं मामीकडे पाहिलं.

सुलोचनाबाईंच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली नवऱ्याची पावलं दिसत होती. म्हणजे माणूस पलंगावर नव्हता, दाराशी कान लावून उभा होता. बाई आता बोलल्या तर त्याचं यंत्र कपाटावर जाणार. न बोलल्या तर समोर मंदा. शेजारीण म्हणून अर्धं आयुष्य एकमेकींच्या भिंतीला भिंत लावून काढलेली मंदा.

"मंदा, पंप घे," त्या म्हणाल्या. "नाळ नव्हती थे."

"काय?"

"मी नाळ देलीच नाई. एक वेढा नाई देला. अंजूच्या बाळाची गुटी देली मी याईले. वेखंड, ज्येष्ठमध, जायफळ. यामिनीनं काईच नाई पाठवलं. तिचं औषध उंदरायचं आहे, माणसाचं अजून झालंच नाई. मी खोटं बोलली. यंत्र ओढतच नव्हते थे, म्हणून बोलली. तू घे वो पंप, पाया पडते मी तुह्या."

मंदाबाईंनी पंपावरचा हात काढला. यामिनीनं पंप त्यांच्या तोंडाला लावला, एकदा, मग जरा थांबून पुन्हा. हळूहळू शिट्टी बारीक होत गेली. बोलण्याइतका श्वास येताच मंदाबाईंनी पहिलं काय म्हणावं?

"सुलोचना, माह्या रक्षाची नाळ अर्धी घासली ना वो मी!" आणि त्या रडायलाच लागल्या. सुलोचनाबाई त्यांच्यापाशी खाली बसल्या. त्यांना फार लाज वाटली. त्या मंदाबाईंच्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या.

तेवढ्यात पडद्याच्या कड्या खणखणल्या.

हरिभाऊ दारात उभे होते. धोतराचा सोगा हातात, चेहरा लालबुंद. बायकांनी पदर सावरले. सुलोचनाबाई उठून उभ्या राहिल्या आणि वाट बघू लागल्या. आता हा पाठ फिरवणार, आत जाणार, भिंतीकडे तोंड करणार.

"गुटी?" हरिभाऊ म्हणाले. "लेकराची गुटी? अवो, ज्या माणसानं तीस वर्षं अख्ख्या बाजार समितीत हर्रास बोलला, ज्याच्यासमोर कोण्या व्यापाऱ्याची खोटी बोली लावाची छाती नाई झाली, त्याले तू रोज सकाळी वेखंड चाटवलं, आणि थोही शहाणा वाटी पुसून पुसून चाटून राह्यला! मी पोस्टात सांगून आलो विलायती आहे म्हणून, न्हाव्याले सांगितलं पुण्याहून बर्फात येते म्हणून, थो दूधवाला मले इचारते का भाऊ बायकोले दमा आहे थोडंसं मिळंन का, तं मी त्याले म्हणतो माह्या भाचीले इचारावं लागंन, आणि इकडं ही बाई जायफळ उगाळून राह्यली, जायफळ! म्हणूनच म्हटलं दुपारी एवढी झोप काऊन येते मले! अवो, दात नाई आले का मले, बारसं नाई झालं माह्यं..."

यामिनीनं मामीचा हात घट्ट धरला. तिचं मामाच्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं, ती त्याच्या छातीकडे बघत होती. आणि मग सुलोचनाबाईंच्याही ध्यानात आलं. हरिभाऊ थांबले नव्हते. दारात आल्यापासून कुठेही थांबले नव्हते. रस्त्यावरून चाललेले दोघे सायकलवाले पाय टेकून फाटकातून आत बघत होते, मागच्या घरातलं कोणीतरी गच्चीवर आलं होतं, आणि हरिभाऊंचा आवाज बैठकीच्या चारी भिंतींवर आदळत होता. बायका घाबरून एकमेकींकडे बघत होत्या. सुलोचनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

आपली बायको रडते आहे हे दिसल्यावर हरिभाऊ गडबडले आणि गप्प झाले.

"थांबले काऊन?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "बोला ना. मी ऐकून राह्यली."